आहेराची वही

लग्न पार पडलं की दागिने लॉकरमध्ये जातात, अल्बम कपाटात जातो आणि आहेराची वही माळ्यावरच्या ट्रंकेत जाते. खरं तर घराचा इतका प्रांजळ इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नसतो. आमच्याकडची वही लाल कापडी बांधणीची, लांबट. पहिल्या पानावर कुंकवाचं बोट, 'श्री', आणि खाली काकांच्या बोरूसारख्या वळणदार अक्षरात रकाने: नाव, गाव, रोख, भांडी. पाहुणे अक्षता टाकत असताना हा गृहस्थ मांडवाच्या दाराशी बसून माणसांच्या रकमा लिहितो, याचा लहानपणी मला राग यायचा. आता वाटतं, आमच्या घराण्याला लाभलेला एकमेव बखरकार तोच.

पावसाळ्यातल्या एखाद्या निवांत दुपारी ती वही चाळत बसावं. 'पाच रुपये, फुलपात्र १.' 'अकरा रुपये, पितळी तांब्या.' आणि मध्येच, 'सव्वा रुपया, नारळ.' काकांनी कुणाचा अपमान केलेला नाही, पण एकवीस रुपयांच्या खाली कुणी 'साहेब' झालेलं नाही. अकरावाले 'राव' आहेत, सव्वा रुपयावाली तर नुसतीच पहिल्या नावाची. आडनाव काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. पण लेखणी अशी कुठे कुठे आपोआप आखडते. गावाकडे तर वही बोलायचीही. लाउडस्पीकरवरून आहेर पुकारला जायचा. मोठी रक्कम दोनदा, आणि छोट्या रकमेच्या वेळी नेमका माइक खरखरायचा.

मला मौज वाटते ती त्या वरच्या एका रुपयाची. शंभर देऊन माणूस मोकळा होतो, एकशे एक देऊन अडकून राहतो. म्हणून तर पाकिटावर नाणं चिकटवलेलंच मिळतं. परतफेडही अशीच: आला तेवढाच आहेर उलट केला तर हिशेब मिटवल्यासारखं दिसतं, कमी केला तर विहीणबाई फुगतात, फार जास्त केला तर समोरच्याच्या पोटात गोळा येतो. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच विद्वानाने 1925 मध्ये भेटवस्तूंवर मोठा निबंध लिहून सांगितलं, की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं आहेत. आमच्या काकूने हे त्याला पोह्यांच्या बशीबरोबर सांगितलं असतं. बरं, वहीची गरज सरकारलाही पटलेली आहे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. त्याखालच्या 1985 च्या नियमांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी, देणाऱ्याचं नाव, नातं आणि अंदाजे किंमत घालून ठेवायची असते. काकांनी नातं कधी लिहिलं नाही. रक्कम वाचली की ते कळायचंच.

अलीकडे पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. हेतू चांगला, यात शंका नाही. पण आहेर नको म्हणायलाही एक ऐपत लागते, आणि ती सोनेरी अक्षरांतून बरोबर दिसते. परवा नात्यातल्या एका लग्नात, घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी जरीकाठाची साडी नेसून आल्या. कमरेच्या पिशवीतून घडी पडलेलं पाकीट काढलं आणि नवरीच्या आईच्या हातात कोंबायला लागल्या.

"अहो मावशी, आणू नका म्हणून लिहिलंय ना!"

"ते मोठ्या लोकांसाठी असंल, वहिनी. मी जेवणार हाय."

वहिनींनी पाकीट घेतलं. मावशी मग खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या आणि वाढप्याकडून जिलेबी दोनदा मागून घेतली. शेजारी रिकाम्या हाताने आलेले आम्ही पाहुणे जरा चोरटेपणानेच मठ्ठा पीत होतो.

तेव्हा तुळशीच्या लग्नानंतर तुमच्याकडे कार्य निघणार असेल, तर एक विनंती. पत्रिकेवर हवं ते छापा, पण दाराशी एक वही ठेवा. तिच्यात रोखीचा रकाना आखू नका. आणि प्रत्येकाचं नाव आडनावासकट लिहा.