दुधीचं लग्न, गोरज मुहूर्तावर

माणसांचा वावर असलेल्या गच्चीने दर चौरस मीटरला 150 किलो भार सोसावा, असा हिशेब धरून इमारतीचे अभियंते आराखडा करतात. त्याच एका चौरस मीटरवर ओल्या मातीचा फूटभर थर टाकला तर वजन 500 किलोच्या आसपास जातं. पुण्यातल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत हे दोन आकडे दरवर्षी समोरासमोर येतात. आकडे घेऊन येणारा सभासद बहुधा सगळ्यात वरच्या मजल्यावरचा असतो, कारण गच्ची सगळ्यांची असली तरी ओल त्याच्या एकट्याच्या छताला येते. त्याचं बोलणं पूर्ण होऊ देऊन मागच्या रांगेतून एक काका उठतात आणि म्हणतात, "माझ्या बागेत माती नाहीच."

सभा गप्प होते. ‘बाग आहे, पण माती नाही’ या विधानावर कुठला ठराव मांडायचा, हे अध्यक्षांना सुचत नाही. तेवढ्यात चहा येतो.

काकांचं म्हणणं खरं असतं. शहरात मातीवाचून शेती करायचा नाद महाराष्ट्रात नवा नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं, पिशव्या आणि पिंपं एवढ्या भांडवलावर गच्चीत भाजी काढून दाखवली. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि उन्हाचा, पानांचा, कचऱ्याचा हिशेब मांडत थोड्या जागेत किती पिकतं हे लोकांना स्वतः करून बघायला लावलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक पुण्यातल्या पुष्कळ गच्चीबागवाल्यांच्या कपाटात असतं. काही जणांनी ते वाचलेलंही असतं.

या दोन्ही वाटांना कच्चा माल लागतो तो काडीकचऱ्याचा, आणि तो पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये फुकट मिळतो. उन्हं तापू लागली की कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंत्यांची घुंगरं वाजायला लागतात. नाव ‘नवनाथ’ किंवा ‘कानिफनाथ’, मागे चिपाडांचा ढीग. इतर माणसं आत जाऊन "एक फुल, बर्फ कमी" असं सांगतात. काका मागच्या बाजूने जाऊन "चिपाडं किती वाजता टाकता?" असं विचारतात. रसवंतीवाला सुरुवातीला संशयाने बघतो. पुढे तो काकांच्या स्कूटरचा आवाज ओळखायला लागतो. चिपाडं आणली की मुंग्याही येतात, हे घरच्यांना सांगायचं काकांकडून दरवर्षी राहून जातं.

वाळक्या पानांची गोष्ट याहून रंगतदार. पिंपळ, कडुनिंब, वर्षावृक्ष यांची पानगळ याच दिवसांत सुरू होते. पूर्वी रस्त्याकडेला पानांचे ढीग जळायचे. बंदी असूनही कुठे कुठे अजून जळतात. मग पुण्यातच अदिती देवधर यांनी ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि ज्यांच्या अंगणात पानं जास्त झालीत त्यांची गाठ पानं हवी असलेल्यांशी घालून दिली. परिणाम असा, की जो कचरा गाडीवाल्याने उचलावा म्हणून माणसं विनवण्या करायची, त्याला आता भाव आला आहे. औंधच्या बंगल्यात पन्नासएक पोती पानं असल्याचं कळलं की कर्वेनगरहून गाड्या सुटतात. "ओली नाहीत ना? प्लास्टिक नाही ना त्यात? कुठल्या झाडाची?" अशी चौकशी होते. जुन्या वस्तूंच्या बाजारातसुद्धा पुणेकर इतका चोखंदळ नसतो. पोती घरी आल्यावर जिन्यात कोणी भेटलंच तर काका म्हणतात, "पानं आहेत." समोरचा नुसतं बघत राहतो, तेव्हा ते जोडतात, "वाळलेली."

इंग्लंडला लेकीकडे जाऊन आलेल्या काकांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे नगरपालिका भाजी पिकवायला नागरिकांना जमिनीचे तुकडे भाड्याने देते. 1908 च्या कायद्याने ती नगरपालिकांची जबाबदारीच आहे, आणि ठरलेला तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा. पुण्यात एवढ्या जागेत बिल्डर तळमजल्यावर गाळे आणि वर सहा मजले काढेल. दुसऱ्या महायुद्धात तर त्या लोकांनी बागा खणून बटाटे लावले आणि निम्मं युद्ध त्यावर काढलं, असं काका सांगतात. (निम्मं हा आकडा काकांचा.) आपल्या पेशव्यांनीही बागा भरपूर लावल्या होत्या. आज तुळशीबागेत चिमटे, गाळण्या आणि बांगड्या उत्तम मिळतात. जमिनीवरची बाग संपली, म्हणून पुणेकर जिना चढून वर गेला.

वर गेल्यावर त्याला भेटला वसंत. पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि पुण्याच्या गच्चीवर चैत्र-वैशाख म्हणजे पाय पोळणारी फरशी. एप्रिल 2019 मध्ये शिवाजीनगरला पारा 43 अंशांवर गेला होता. इंग्रजी पुस्तकांत वसंत आला की बर्फ वितळतं आणि माणसं रोपं बाहेर काढतात. पुण्यात वसंत आला की माणसं हिरवी जाळी आणायला जातात. पाडव्याला दारात गुढी उभी राहते आणि गच्चीत जाळीचे बांबू. कोथिंबीर उन्हाच्या धास्तीने फुलोऱ्यावर येते, पालक कडवट होतो, मेथी तर बोलूच नये. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून मोठ्या कौतुकाने आणलेली थंडीतली फुलझाडं मार्चअखेर कुंडीतल्या काड्या होतात.

सगळ्यात जास्त मनस्ताप टोमॅटो देतो. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर राहिलं की त्याचे पराग निकामी होतात आणि फूल देठापासून गळून पडतं. म्हणून शहाणे लोक तो पावसाळा संपता संपता लावतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतात. नेमका त्याच सुमाराला मंडईत टोमॅटोचा महापूर असतो. 2023 चं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात भाव इतका पडला की राज्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, आणि जुलैत तोच टोमॅटो किलोला 100 रुपयांच्या पुढे गेला. काकांची टोपली स्वस्ताईत भरली होती. जुलैत सगळा देश टोमॅटो मोजून वापरत होता, तेव्हा काकांच्या गच्चीवर पावसाने झोडपलेल्या काटक्या उभ्या होत्या. काकूंनी तेव्हा बाजारातून पाव किलो आणला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. ते न बोलणं काकांना फार लागलं.

पैशाचा हिशेब या शेतीत निघत नाही, हे एकदा कबूल करून टाकलेलं बरं. कुंड्या, जाळी, कोकोपीट, निंबोळी तेल, ठिबकच्या नळ्या आणि त्या बसवणाऱ्या माणसाची मजुरी एकत्र धरली तर काकांची भेंडी काजूच्या भावाने पडते. पण काका बेरीज भेंडीपर्यंत नेतच नाहीत. ते मिळकतकरापाशी थांबतात. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याचा साठा यांपैकी एक प्रकल्प असेल तर 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सूट देते. गांडुळांनी आपला कर कमी केला, हे वाक्य काका ज्या अभिमानाने उच्चारतात, त्या अभिमानाने त्यांनी मुलाच्या पगाराविषयीही कधी सांगितलं नाही.

खताचं प्रकरण मात्र तितकं गोडीगुलाबीचं नाही. सुभाष पाळेकरांच्या जीवामृताची कृती एकरासाठी आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. काकांची गच्ची 400 चौरस फूट, म्हणजे एकराच्या शंभराव्या भागाहूनही लहान. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं सुमारे 90 ग्रॅम शेण, 18 ग्रॅम गूळ, 18 ग्रॅम बेसन आणि पावणेदोन लिटर पाणी. आता 18 ग्रॅम मोजायचा काटा घरात एकच, आणि तो काकूंच्या केकचा. पुढचं सविस्तर सांगण्यासारखं नाही. नवा काटा आला. त्यानंतर काकांनी "कमी पडायला नको" म्हणून बादलीभर जीवामृत केलं आणि ते सावलीत ठेवायचं असतं म्हणून जिन्याच्या वळणावर ठेवलं. दोन दिवस ते आंबत होतं. सचिवांनी ड्रेनेजवाल्याला बोलावलं. त्याने सगळी झाकणं उघडून पाहिली, पैसे घेतले, आणि जाताना बादलीकडे बोट दाखवलं.

पण ज्या एका पिकासाठी हा सगळा खटाटोप माफ करावा, ते म्हणजे दुधी.

दुधीचा वेल आधी फक्त नरफुलं देतो. लांब देठाची, पांढरी, दिसायला देखणी आणि फळाच्या दृष्टीने निरुपयोगी. आठ-पंधरा दिवस हेच चालतं. मग काका ‘थ्री जी’ करतात: मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, फुटलेल्या फांदीचाही खुडायचा, की तिसऱ्या पिढीच्या फांदीला मादीफुलं जास्त येतात. घरातले मोबाइल फाइव्ह जीवर गेले, दुधी अजून थ्री जीवर आहे. एके दिवशी देठाशी बोटभर दुधी असलेली कळी दिसते आणि घराचं वेळापत्रक बदलतं. भोपळ्याचं, काकडीचं फूल सकाळी उमलतं. दुधीचं आणि दोडक्याचं संध्याकाळी. निसर्गाची योजना अशी, की अंधार पडता पडता पतंग येतील आणि पराग पोचवतील. पण चौथ्या मजल्यावर, खाली स्कूटरींचा धूर आणि समोर हॉलचे दिवे असताना, किती पतंग येणार? पराग पोचला नाही तर ते बोटभर फळ पिवळं पडून गळतं. म्हणून हे लग्न काकांना लावावं लागतं, आणि तेही गोरज मुहूर्तावर.

एप्रिलमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो. साडेसहाला काका वर. हातात नरफूल, त्याच्या पाकळ्या मागे दुमडलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मादीफूल पुरतं उमललेलं नसेल तर थांबायचं. थांबताना त्याच्याशी बोलायचं नाही असं काही पुस्तकात लिहिलेलं नाही, त्यामुळे काका बोलतात. समोरच्या इमारतीतली मंडळी हे दृश्य खिडकीतून बघतात. त्यांच्याकडे पाहुणे आले की मुद्दाम दाखवतात. फुलाला फूल हलक्या हाताने टेकवायचं, गोल फिरवायचं, आणि ओळख म्हणून देठाला दोरा बांधायचा. वैशाखात माणसांचीही लग्नं असतात. एका भाच्याच्या स्वागतसमारंभाला काका उशिरा पोचले, बोटांना पिवळे पराग लागलेले. हळद लागलीय, असं कोणीतरी म्हणालं. काका म्हणाले, "आमच्याकडेही आज कार्य होतं."

पुढच्या दोन आठवड्यांत दुधी हातभर होतो, त्याचा फोटो निघतो, तो सगळ्या गटांवर जातो. मग प्रश्न उरतो तो खायचा. घरात दुधी कोणालाच आवडत नाही. काकांनाही नाही.

फळांमध्ये काकांचा जीव अंजिरावर. पुरंदरचं अंजीर इथून घाट ओलांडला की पलीकडे पिकतं. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अर्ध्या पिंपात लावलेलं झाड उन्हाळ्यात खरोखर फळतं. अडचण एवढीच, की अंजीर नेमकं कधी पिकतं हे काकांच्या आदल्या दिवशी बुलबुलाला कळतं. जाळी लावली तर तो खालून शिरतो. अखेर घरातले सगळे विजोड मोजे धुऊन अंजिरांवर चढवले गेले. झाडाला शाळेत निघाल्यासारखा चेहरा आला, पण त्या हंगामात अंजिरं काकांनी खाल्ली. मोज्याच्या भोकातून जी दोन बुलबुलाने नेली, ती काकांनी त्याच्या नावे लिहून टाकली.

पाण्याचा विषय निघाला की मात्र काका गंभीर होतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतला साठा ते रोज पेपरात बघतात. पूर्वी याच चष्म्यातून ते शेअरचे भाव बघायचे. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, अशी बातमी आली की बुधवारी रात्री घरातली प्रत्येक बादली वर जाते. तांदूळ धुतलेलं पाणी, फिल्टरचं वाया जाणारं पाणी, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, सगळं झाडांना. ज्यांच्या बागेची चेष्टा होते, ते काका दिवसभरात सोसायटीतला ओला कचरा आणि सांडपाण्याच्या बादल्या मुकाट्याने जिरवत असतात. सभेच्या इतिवृत्तात हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. जिन्यातल्या बादलीची नोंद तेवढी आहे.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे, त्यांनी चैत्रात भेंडी, गवार, चवळी, काकडी आणि लाल माठ लावावा. टोमॅटोचा हट्ट ऑक्टोबरपर्यंत धरू नये. पानं, चिपाडं आणि स्वयंपाकघरातला कचरा जास्त, माती नावाला, एवढं पाळलं तर वरच्या मजल्यावरच्या सभासदाशीही बोलणं चालू राहतं. दुधी लावायचाच असेल तर दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी: उन्हाळाभर संध्याकाळी सातला तुम्ही घरी असाल, आणि शेजारी निदान एक तरी घर दुधी खाणारं असेल.