इंचदादा

आष्ट्यात कुणाला टीव्ही घ्यायचा असला की तो सांगलीची एसटी धरण्याआधी इंचदादाला गाठतो. उसाचं बिल जमा झालेलं असतं, पोरानं 43 इंचाचा हट्ट धरलेला असतो आणि बायकोनं कपाट जागचं हलणार नाही असं बजावलेलं असतं. असा दोन्हीकडून कोंडलेला माणूस चहाच्या गाड्यावर येतो, दोन कटिंग सांगतो आणि म्हणतो, "दादा, कुठला घिऊ?"

दादा कंपनीचं नाव घेत नाही. बजेट विचारत नाही. तो विचारतो, "बसता कुठं?"

"बसतो म्हंजे?"

"म्हंजे टीव्ही हितं, तर तुमी कुठं? खाटंवर, खुर्चीत, का भिंतीला टेकून? तितनं टीव्हीपतूर किती फूट?"

समोरचा हवेत हात पसरून अंदाज दाखवतो. दादा खिशातनं टेप काढतो, चहा संपवतो आणि गाडीवर मागं बसतो. माप जागेवर जाऊनच घ्यायचं, असा त्याचा दंडक आहे.

वय तिशीच्या आतबाहेर, नोकरी एका पतसंस्थेत, शिक्षण इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात. खरं नाव रेशनकार्डावर आणि हजेरीपत्रकात तेवढं उरलंय. असा एकेक जाणकार प्रत्येक गल्लीत असतो, कुणी गाडीच्या अॅव्हरेजचा, कुणी बियाण्याचा. पण इंचदादाची जात पाणाड्याची. पाणाड्या तळहातावर नारळ धरून दुसऱ्याच्या रानात नेमकी बोअरची जागा दाखवतो आणि त्याच्या स्वतःच्या रानात मात्र टँकर येतो. दादाच्या घरी टीव्ही नाही. मॉनिटर नाही. आहे तो पंधरा इंची लॅपटॉप, त्याचा डावा कोपरा पिचलेला. त्या कोपऱ्यात दबा धरून बसलेला शत्रू त्याला दिसत नाही, आणि व्हॅलरंट गेममध्ये तो बहुतेक वेळा तिथूनच मारला जातो.

लोकांना दिलेला सल्ला मात्र बावनकशी. एका सलूनवाल्यानं चोवीस इंची टीव्ही गिऱ्हाइकाच्या पाठीमागच्या भिंतीवर लावला होता. हिशेब असा की गिऱ्हाईक आरशात बघेल. गिऱ्हाईक बघायचंही, पण स्कोअर उलटा दिसायचा. धावा वाचायला माणसं मान वळवायची आणि वस्तरा गालावरून कानाकडं जायचा. दादानं दोन मिनिटं खुर्चीत बसून बघितलं आणि टीव्ही आरशाच्या वर टांगायला लावला. आता गिऱ्हाईक आपणहून हनुवटी वर करतं आणि गळ्याखालची दाढी न सांगता होते. सलूनवाला दादाचे कटिंगचे पैसे घेत नाही.

एवढा हुशार माणूस स्वतःसाठी स्क्रीन का घेत नाही, याचं उत्तर त्याच्या घरात आहे. घर जुनं, पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचं. दोन भावांची वाटणी झाली तेव्हा सोप्याच्या मधोमध चार इंची विटांची भिंत उभी राहिली. भांडी मोजून वाटली, खाटा वाटल्या, चिंचेचं झाडसुद्धा फांद्यांवरून वाटलं गेलं. टीव्ही थोरल्याकडे गेला आणि टीव्हीची जागा धाकट्याकडे आली. म्हणजे सुतारानं नव्वदीच्या काळात बनवलेलं सनमायकाचं शोकेस, त्यातला टीव्हीचा कोनाडा. 21 इंची डबा बाजूच्या स्पीकरांसकट मावावा म्हणून सुतारानं त्याची रुंदी बरोबर दोन फूट धरली होती. सध्या त्यात खताच्या पावत्या, आजोबांचा फेटा आणि देवीचा अंगारा असतो.

दादाची खोली दहा बाय आठ. एका अंगाला खाट, दुसऱ्या अंगाला हे शोकेस, मधे लॅपटॉपचं टेबल. खाटेवर त्याचे वडील आबा, जमिनीवर आई, टेबलाशी दादा. या तिघांना मिळून एकच स्क्रीन घ्यायची आहे.

टेबलाशी बसणाऱ्याचं नाक स्क्रीनपासून दोन फुटांवर. त्याला चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर उत्तम, चित्राचा एक ठिपका पाव मिलिमीटरहून थोडा मोठा, डोळ्याला कळतही नाही. पण आबा पाच फुटांवर. त्यांना चोवीस इंचावर शर्यतीतला बैल दिसतो, बैलाचं नाव वाचता येत नाही. आबांना हवा बत्तीस इंची. दुकानातला स्वस्त बत्तीस इंची म्हणजे बहुतेक वेळा एचडी रेडी, आडवे 1366 ठिपके आणि एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पाच फुटांवरून झकास, दोन फुटांवरून शत्रूच्या नाकाचे चौकोन मोजता येतात. आणि आई जमिनीवर मेथी निवडत बसते, म्हणजे ती स्क्रीनकडे खालून आणि तिरकं बघणार. टीएन पॅनेल घेतलं तर खालून चित्र काळं पडतं. आईला अख्खी मालिका रात्री घडतेय असं वाटेल. म्हणून आयपीएस. ओएलईडी तर नकोच, आईच्या चॅनेलचा कोपऱ्यातला लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहणार आणि शेवटी तिथंच उमटणार.

हे सगळं दादा कुणालाही, कधीही, न मागता सांगतो. ऐकायला बरं वाटतं. माणूस खोटं काही बोलत नाही, हीच त्याच्याबाबतीतली मोठी अडचण आहे.

मग भिंतीवर का टांगत नाही? मलाही हाच प्रश्न पडला होता. एका बाजूची भिंत भेंड्यांची, तिच्यात स्क्रू पिळला की भसाभस माती येते आणि ब्रॅकेट हातात. दुसरी भिंत वाटणीची. तिच्यात स्क्रू धरतो, पण भिंत चार इंचांची. ड्रिल जरा जोरात दाबलं तर टोक चुलत्याच्या देवघरात निघणार, आणि मिटलेली केस परत तारखांना लागणार. राहिला कोनाडा.

कोनाडा दोन फूट, म्हणजे 60.96 सेंटिमीटर. हा आकडा दादाला जन्मतारखेसारखा पाठ आहे. बत्तीस इंचाची नुसती काच 70.8, म्हणजे विषय संपला. चोवीस इंचाची 53.1, दोन्ही बाजूंनी मिळून चार बोटं मोकळी, पण आबांना बैलाचं नाव दिसत नाही. मधला सत्तावीस इंची. त्याची काच 59.8. इथं दादाचे डोळे चमकतात. मग तो मोबाईलवर कॅटलॉग काढून चौकटीसकट रुंदी दाखवतो, 61.4. साडेचार मिलिमीटरनं हुकतो. सनमायका खरवडला तर दोन मिलिमीटर सुटतात. उरलेल्या अडीच मिलिमीटरवर दादाची दोन वर्षं गेली.

हर्ट्झचं प्रकरण आणखी वेगळं. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला साठ चित्रं येतात, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदाला एक. 144 हर्ट्झवर दर सात मिलिसेकंदाला. शत्रू वळणावरून डोकावला तर तो आधी कुणाला दिसणार, हा दादाचा मुद्दा. "आपल्याला 144 पायजेच," असं तो एकदा गाड्यावर ठणकावून म्हणाला. शेजारी बसलेल्या निवृत्त हवालदारकाकांनी मान वर केली.

"144 गेलं. 1 जुलै 2024 पास्नं 163 हाय."

"न्हाय काका, 144च्या वर डायरेक 165."

"जमावबंदी म्हणतोयस न्हवं?"

तेवढ्यात वायरमननं आपली लाईटच 50 हर्ट्झची असल्याचं सांगून वाद मिटवला. सप्लायच्या हर्ट्झचा स्क्रीनच्या हर्ट्झशी काडीचा संबंध नाही, हे दादानं पुढं अर्धा तास समजावलं आणि वायरमन अर्धा तास मान डोलावत राहिला. दुसऱ्या दिवशी गावात पसरलं की दादाच्या टीव्हीला वेगळं कनेक्शन लागतंय.

खरी मौज आबांची. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि आपल्या भागातली मैदानं यूट्यूबवर थेट दिसायला लागली, तेव्हापासून आबांना मोबाईल पुरत नाही. निशाणापाशी दोन गाड्या अटीतटीनं येतात, कुणाचं तोंड पुढं यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. दादानं आबांना 144 हर्ट्झची लालूच दाखवली, बैलाचं नाक न् नाक वेगळं दिसेल म्हणाला. आबा खूश. मग रात्री दादालाच झोप लागेना, कारण त्याला आठवलं की यूट्यूबवरची शर्यत सेकंदाला तीस चित्रांची. स्क्रीन कितीही पळाली तरी बैल तीसच ठिकाणी दिसणार, बाकीच्या वेळी तेच चित्र परत परत. सकाळी उठून त्यानं आबांना हे प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचा लॅपटॉपही गेममध्ये साठ चित्रं काढताना धापा टाकतो, म्हणजे 144 त्याच्याही उपयोगाचा नाही. हे मात्र त्यानं सांगितलं नाही, ते मी सांगतोय.

आणि घ्यायची वेळ? ती कधीच नसते. दिवाळीत म्हणतो सेल 26 जानेवारीला चांगला असतो, जानेवारीत म्हणतो नवीन मॉडेलं पाडव्याला येतील, पाडव्याला म्हणतो जुन्याचे भाव पडू देत. 2025च्या स्वातंत्र्यदिनी जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, तेव्हा तर दादाला गावभर मान आला. "थांबा," एवढाच त्याचा निरोप घरोघर गेला आणि माणसं थांबली. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेदिवशी, टीव्हीचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. 43 इंची घेणाऱ्यांनी दादाला पेढे दिले. पेढा तोंडात असतानाच त्यानं अधिसूचना वाचली. कपात बत्तीस इंचांच्या वरच्या टीव्हींना होती. बत्तीसपर्यंतच्यांना 18 टक्के 1 जानेवारी 2019 पासूनच लागू आहेत. त्याच्या कोनाड्यात मावणाऱ्या कुठल्याही मापाला एक रुपयाचा फरक पडला नव्हता. पेढा मात्र त्यानं गिळला.

शेवटी आईनंच सुताराला बोलावलं. सुतारमामांनी कोनाड्यात डोकं घातलं, बाजूची उभी फळी टिचक्या मारून बघितली आणि म्हणाले, "ही नुसती उभी केलीया, हिच्यावर भार न्हाय. धा मिन्टात काढतो. बत्तीस काय, त्रेचाळीस बी बसंल."

दादाचा चेहरा उतरला. फळी गेली म्हणजे दोन फूट गेले. दोन फूट गेले म्हणजे सत्तावीस गेला, साडेचार मिलिमीटर गेले, सगळा अभ्यास गेला. आता बत्तीस, चाळीस, त्रेचाळीस, त्यांची पॅनेलं, त्यांचा स्टँड, पाच फुटांवर त्रेचाळीस इंच आबांच्या डोळ्यांना सोसेल का, पहिल्यापासून सगळं बघावं लागणार.

"मामा, फळी राहू दे," तो म्हणाला. "शोकेस आजोबांच्या वेळचं हाय."

सुतारमामांनी करवत पिशवीत घातली, चहा घेतला, आणि जाता जाता पोरासाठी कुठला मॉनिटर घ्यावा हे विचारून घेतलं. आठवडाभरात त्यांच्या घरी तो आलासुद्धा.

दरम्यान दादाच्या घरी वाटणीची भिंत काम भागवते. पलीकडं चुलत्यांचा टीव्ही मोठ्या आवाजात लागतो. क्रिकेट असलं की मोबाईलवर बॉलर अजून धावतच असतो आणि भिंतीतून "गेला!" ऐकू येतं. दादाला विकेट नेहमी आधी कळते, बघायला नंतर मिळते. आई संध्याकाळी भाकरी थापता थापता भिंतीकडं कान करून अख्खी मालिका ऐकते. कोण कुणाला काय बोललं हे तिला जाऊबाईंपेक्षा जास्त पाठ आहे, फक्त कुणी कुठली साडी नेसलीय ते कळत नाही.

परवा तिनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "त्या कॉम्प्युटरच्या टीव्हीला खोट काय म्हणालास?"

"त्यातल्या बऱ्याच जणांना स्पीकर नसतोय. येगळा घ्यावा लागतोय. ठेवायचा कुठं?"

"मग आवाज हाय की आपल्याकडं. भिंतीतनं येतोय न्हवं रोज? चित्र तेवढं घे."

दादा गप्प झाला. इतकी वर्षं इतक्या लोकांना सल्ले दिले, पण हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चोवीस इंची, बिनस्पीकरचा, कोनाड्यात चार बोटं मोकळी. मी म्हटलं, आता घेतोय हा. त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"त्यांची केबल, आपण डिश घेणार. दोन्हीत सेकंद-दीड सेकंदाचा फरक पडतोय. आवाज आधी यायचा आणि तोंड मागनं हलायचं. हे मोजाय पायजे."

आणि स्टॉपवॉच लावून त्यानं भिंतीला कान लावला.

"मोज," आई म्हणाली, "पर गप ऱ्हा. आज ती घर सोडून चाललीया."