अडीच गुंठ्यांचा जमीनदार

मराठी माणसाने ‘प्लॉट’ म्हटलं की पाठोपाठ एनए, डांबरी रस्ता, गुंठ्याचा भाव आणि कोर्टात अडकलेली एखादी भाऊबंदकी येते. इंग्लंडातल्या माणसाने ‘प्लॉट’ म्हटलं की पाठोपाठ कोबी येतो. तिथल्या नगरपालिका वस्तीच्या कडेला, पुष्कळदा रेल्वेरुळांलगत, जमिनीच्या पट्ट्या आखून वार्षिक भाड्याने देतात. त्यांना अ‍ॅलॉटमेंट म्हणतात. एका पट्टीचं जुनं ठरलेलं माप दहा चौरस रॉड. हे कसलं भलतंच माप, असं म्हणण्याआधी हिशेब करून पाहावा. रॉड साडेसोळा फुटांचा, आपला गुंठा तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट. म्हणजे दहा चौरस रॉड बरोबर अडीच गुंठे, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. (एकर त्यांनीच आपल्या गळ्यात बांधला, त्यामुळे हा योगायोग नव्हे.) या अडीच गुंठ्यांवर घर बांधता येत नाही, ते विकता येत नाहीत, मुलाच्या नावावर आपोआप चढत नाहीत. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे अशी जमीन पुरवणं हे नगरपालिकांचं काम ठरवलं, आणि १९२२ च्या कायद्याने तिथे मुख्यतः घरच्यांना खायला भाजी आणि फळंच पिकवायची हेही सांगून टाकलं. तण माजलं तर नोटीस येते. तरीसुद्धा या पट्टीसाठी लोक प्रतीक्षायादीत वर्षंच्या वर्षं काढतात, आणि एकदा ती मिळाली की गमबूट, थर्मास आणि गुडघ्यावर वाळलेला चिखल एवढ्या ऐवजावर हा सातबाऱ्याविना जमीनदार मिरवू लागतो.

त्याच्याविषयी सर्वसाधारण समज असा की, हा काटकसरी, निसर्गप्रेमी, ताज्या भाजीचा भोक्ता आहे. माझं म्हणणं असं की, हे तिन्ही समज त्याने स्वतः पसरवलेले आहेत. खरी गोष्ट एवढीच की, तिथल्या हवेत जे पिकतं ते पिकवण्यात त्याला काडीचा रस नाही. त्याचा जीव अडकलेला असतो तो तिथे जे पिकत नाही त्यात. पुरावा त्याच्याच पट्टीवर उभा आहे. त्या गार, ओल्या हवेत कोबी, बटाटा, लीक, केल, वाटाणा, ब्रॉड बीन्स, स्ट्रॉबेरी, गूसबेरी, करवंदासारखा काळा करंट ही सगळी मंडळी घरची असल्यासारखी वाढतात. पार्सनिप तर थंडीचा कडाका बसला की जास्त गोड होतं, कारण त्यातल्या पिष्टाची साखर होते. आणि रूबार्ब! एकदा लावलं की वर्षानुवर्षं वसंतात आपलं आपण उगवतं, लालबुंद जाड देठ देतं आणि बदल्यात वर्षाकाठी पाटीभर खत मागतं. एवढी गुणी वनस्पती, पण तिची जागा कुठे, तर कंपोस्टच्या ढिगाशेजारी कोपऱ्यात. पाहुण्याला पट्टी दाखवताना प्लॉटवाला तिथून पुढे सरकतो आणि प्लॅस्टिकच्या झापाखाली थरथरणाऱ्या एका लुकड्या रोपापाशी थांबतो. ते वांगं असतं.

वांग्याचं राहू द्या, ती आत्महत्या झाली. टोमॅटो हा मात्र त्याच्या आयुष्याचा कणा, आणि टोमॅटोचं वर्ष नीट पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही. फेब्रुवारीत, लंडनला दिवस जेमतेम दहा तासांचा असताना, तो बी पेरतो. बी रुजायला साधारण वीस अंशांची ऊब लागते, ती बाहेर कुठेच नसते. म्हणून ट्रे दिवाणखान्यातल्या खिडकीत, हीटरच्या वर. घरातली माणसं स्वेटर घालून बसतात आणि टोमॅटो उबेत. पुरेसा उजेड नसल्याने रोपं काचेकडे मान लांबवत नुसती उंच होतात, तेव्हा रोज कुंड्या फिरवायच्या. मे सरता सरता सुरू होतो तो सगळ्यांत केविलवाणा विधी: रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणं. आठ-दहा दिवस सकाळी ट्रे अंगणात न्यायचे आणि संध्याकाळी परत घरात आणायचे. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात नेण्याचा जो थाट असतो, तोच थाट, फक्त बाळं चाळीस आणि ऊन नाही. निफाडला एखाद्या जानेवारीत पारा घसरून दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो. तिथे दंव गोठण्याची भीती मे महिना संपेपर्यंत जात नाही, उत्तरेकडे जूनपर्यंत रेंगाळते. म्हणजे झाड जमिनीत जायलाच जून उजाडतो. जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो खरा, पण रात्री गार, फळ आपलं हिरवंगार आणि ढिम्म. जुलै जातो. ऑगस्टमध्ये पहिला टोमॅटो पिवळसर होऊ लागतो आणि त्याच सुमारास पाऊस येतो, आणि पावसाबरोबर येतो करपा.

हा करपा म्हणजे नाशिक-नारायणगावचे टोमॅटोवाले ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात तोच, आणि १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा नासवून ज्याने दुष्काळ आणला तोही तोच. दोन दिवस सलग किमान तापमान दहा अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेत नव्वद टक्के आर्द्रता राहिली की धोका समजावा, असा निकष ब्रिटनमध्ये २०१७ पासून वापरतात. या निकषाची गंमत अशी की, ब्रिटिश उन्हाळ्याचं याहून नेमकं वर्णन कुणी केलेलं नाही. आठवडाभरात पानं काळी पडतात, देठ तपकिरी होतात, आणि सात महिन्यांच्या तपश्चर्येचं फळ म्हणून टोपलीभर हिरवे टोमॅटो घरी येतात. काही पिकावेत म्हणून केळ्याशेजारी खणात ठेवले जातात. उरलेल्यांची व्हिनेगर आणि साखर घालून चटणी शिजते. (आपल्याकडे हिरवे टोमॅटो मुद्दाम निवडून घेऊन तीळ-दाण्याचं कूट घालून चटणी करतात आणि ती दोन दिवसांत संपते. त्यांची चटणी संपत नाही; ती नाताळात नातेवाइकांना दिली जाते.) पुढच्या फेब्रुवारीत तोच माणूस, तीच खिडकी, नवं बी.

आता यावर पहिली हरकत येईल ती पैशाची: अहो, बाजारातली भाजी महाग, माणूस चार पैसे वाचवतो. बटाटा, कांदा, केल एवढ्यावर तो थांबला असता तर वाचलेही असते. पण ऊबघराची काच, पिकावर टाकायचं पांढरं कापड, कबुतरांसाठी जाळी, पिशव्या भरभरून विकतची माती आणि हिवाळ्यात कॅटलॉग चाळताना हात सैल सुटून मागवलेलं बी हे सगळं त्या आठ टोमॅटोंच्या अंगावर वाटलं, तर दर टोमॅटोमागे जो आकडा निघतो तो त्याने स्वतः कधी काढलेला नाही. हिशेब न करणं हा त्याच्या शेतीचा पायाच आहे. यावर जाणकार दुसऱ्या महायुद्धाचा दाखला देतील, आणि तो दाखला वजनदार आहे. ‘डिग फॉर व्हिक्टरी’ मोहिमेत अशा पट्ट्यांची संख्या सुमारे चौदा लाखांवर गेली आणि लोकांनी खरोखर पोटं भरली. मान्य. पण ती भरली कधी? सरकारने बटाटा आणि गाजर यांची व्यंगचित्रं काढून, ‘पोटॅटो पीट’ आणि ‘डॉक्टर कॅरट’ अशी नावं देऊन लोकांच्या गळी उतरवली, तेव्हा. जे सहज पिकतं तेच पिकवा, हे पटवायला तिथे एक हिटलर आणि एक अख्खं अन्नमंत्रालय लागलं, यातच माझ्या म्हणण्याचा निम्मा पुरावा आला.

दुसरी हरकत चवीची, आणि ही जरा कठीण आहे. घरच्या भाजीची चव बाजारात मिळत नाही, हे खरंच आहे. वाटाण्याचं उदाहरण घ्या: शेंग तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी व्हायला लागते, त्यामुळे वाफ्यात उभं राहून खाल्लेला वाटाणा आणि दोन दिवसांनी दुकानातून आणलेला वाटाणा या दोन वेगळ्या भाज्या आहेत. पण मग चवीचा भोक्ता वाटाण्याचे गोडवे गात फिरायला हवा होता. तो गातो का? वाटाणा मुलं खाऊन टाकतात. नव्या बटाट्याबद्दल तो एक वाक्य बोलतो. झुकिनीबद्दल तर बोलायचीच सोय नाही, कारण जुलैनंतर तिची तीन झाडं अख्ख्या गल्लीला पुरून उरतात, दोन दिवस नजर चुकली की दुधीएवढी होतात, आणि कोकणात फणसाच्या दिवसांत शेजाऱ्यांना जसा एकमेकांचा धसका असतो तसा तिथे ऑगस्टमध्ये झुकिनीचा असतो. जे भरभरून आलं ते तो वाटून टाकतो, नाव न सांगता दारात ठेवून जातो. पिकलेला पहिला टोमॅटो मात्र सुरीने चार भाग करून टेबलावर येतो आणि घरच्यांना मत विचारलं जातं.

कुणी म्हणेल, मग इंग्लंडात दांडग्या भाज्यांचे सामने भरतात, ते कसले? तिथे तर अगदी साध्या लीकचा आणि गूसबेरीचा गौरव होतो. होतो, पण साधेपणाबद्दल नव्हे. ईशान्य इंग्लंडातल्या खाणकामगारांनी लीकचे सामने गाजवले, प्रतिस्पर्ध्याने रात्री सुरी फिरवू नये म्हणून वाफ्यावर पहारे दिले. पण ते लीक मांडीएवढं जाड करण्यासाठी, सूपात घालण्यासाठी नव्हे. यॉर्कशायरमधल्या एग्टन ब्रिज गावात १८०० सालापासून गूसबेरीचं प्रदर्शन भरतं. २०१९ मध्ये तिथे एका फळाचं वजन चौसष्ट ग्रॅमच्या वर भरलं. चार-पाच ग्रॅमचं फळ झाडाला स्वखुशीने लागतं. त्याला कोंबडीच्या अंड्याएवढं करायचं, झाडावर मोजकीच फळं ठेवायची, ते पावसाने फुटू नये म्हणून वर छत्र धरायचं, हे सगळं म्हणजे सहज पिकणाऱ्या फळालाही न पिकणारं करून घेणं आहे. तेवढं केलं की मगच ते प्रेमाला पात्र ठरतं.

ही खोड त्याची एकट्याची नाही, वरून खाली झिरपलेली आहे. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश उमरावांनी घोड्याच्या लिदीच्या आणि चामडं कमावून उरलेल्या सालीच्या उबेवर काचेखाली अननस पिकवले. स्कॉटलंडमध्ये डनमोरच्या अर्लने तर बागेतल्या मंडपावर चक्क दगडी अननस उभारला. कोकणात बांधाला काटेरी म्हणून लावून ठेवतात त्या फळासाठी हा खटाटोप. केंटमधल्या ब्रॉग्डेलच्या राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाच्या दोन हजारांवर जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच तिथल्या हवेत आनंदाने फळतात. आणि प्लॉटवाला दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला पीच टेकवून मार्चमध्ये हातात कुंचला घेऊन उभा असतो. पीच इतक्या लवकर फुलतं की मधमाश्या घराबाहेर पडलेल्याच नसतात, म्हणून परागीभवन हा स्वतः करतो. मग फुलं गोठू नयेत म्हणून पडदा, आणि पानं रोगाने आकसू नयेत म्हणून पावसापासून आडोसा. सफरचंद शेजारच्या कुंपणावरून वाकून बघत असतं.

राहता राहिला आपला माणूस. हा इंग्रजांचा तऱ्हेवाईकपणा आहे, आपण व्यवहारी, असं कुणाला वाटत असेल तर तिकडे पट्टी घेतलेल्या मराठी कुटुंबांकडे पाहावं. मेथीला ती गार हवा मानवते. महिनाभरात जुडी हातात. ती मेथी कुणी फोटो काढून पुण्याला पाठवत नाही. पाठवला जातो तो दिवाणखान्यातल्या कढीपत्त्याचा. हिवाळ्यात त्याची पानं गळतात, काडी उरते, आणि त्या काडीला अजून हिरवं आहे की नाही हे नखाने खरवडून पाहिलं जातं. आणि इकडे महाराष्ट्रात? हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी उष्ण हवेत तग धरणारं सफरचंद काढल्यावर आपल्याकडेही लोकांनी ते कौतुकाने लावलं, आणि त्याच आवारातल्या शेवग्याखाली गाडी उभी करून ते दाखवायला लागले.

प्लॉटवाल्याची गोगलगाईंशी चाललेली लढाई सांगायची राहिली. शंख नसलेल्या त्या गोगलगाई रात्रीत वाफा साफ करतात, आणि ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ हे त्याला कुणी शिकवायला नको. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या उघड्यावर वापरायला २०२२ पासून बंदी आली, तेव्हापासून तो मातीत पेले पुरून त्यात बिअर ओततो. गोगलगाई पितात आणि बुडतात. उरलेली बाटली तो संपवतो, तेव्हा या एका बाबतीत तरी त्याचा हिशेब जुळतो असं म्हणायला हरकत नाही.

ऑगस्टमध्ये तिकडे कुणाकडे उतरलात तर झुकिनी नको म्हणू नका. पिशवी भरून दिली तरी घ्या, पुढच्या घरी ठेवून या. रूबार्ब हवं तेवढं मागा, दोन्ही हातांनी देतील. मिरचीला उगाच तिखट आहे म्हणा, पुण्य लागेल. टोमॅटो मात्र मागू नका. ताटात चतकोर फोड आली तर मीठ न लावता खा, आणि दुसरी मिळेल का असं विचारू नका, कारण बहुधा ती नसते.