हरळीचे लाड

वहिनी, अहो ती नळी बंद करा आधी! दोन दिवस उघडीप पडली म्हणून आषाढात कुणी गवताला पाणी घालतं का? या जरा इकडे भिंतीशी. माझा चहा अजून उकळतोय.

कोपऱ्यावरच्या बंगल्याचं कळलं का तुम्हाला? अख्खं लॉन कुजलं! होय, तेच. टेम्पो भरून आणलेलं कोरियन कार्पेट. वास्तुशांतीला तुम्ही चपला काढून हौसेने चालला होतात बघा त्याच्यावर. आता पाय टाकलात तर घोट्यापर्यंत रुताल. आधी पिवळं पडलं, मग करडे गोल डाग उठले, आणि डाग वाढत वाढत ताटाएवढे झाले. शेठनी काय करावं? वर युरिया फेकला! बुरशी धरलेल्या गवताला युरिया म्हणजे जुलाब झालेल्याला बासुंदी. कोवळी पाती फुटली आणि बुरशीने तीही खाल्ली.

दोष गवताचा नाही हो. खाली डबराचा भराव, वर चार बोटं लाल माती, त्यावर हे कार्पेट. आणि भरावाच्याही खाली काय? भाताचं खाचर! आपण राहतो ती सगळी शेतंच होती की. बांध मोडले, प्लॉट पडले, पण पाणी धरून ठेवायचा खाचराचा स्वभाव कुठे जातो? भाताला तेच हवं असायचं आणि लॉनला नेमकं तेच नको. माझ्या सासूबाई आगरी, जन्म लावणीत गेलेला. त्या म्हणायच्या, “पान्याला वाट दे बय, गवत आपलं आपन बघंल.” जेठ लागला की त्या कुदळ घेऊन भिंतीच्या कडेने चर उकरायच्या. मीही तेच करते, खत-औषध मागाहून. तुमच्या गेटजवळ बघा, पाणी तुंबलंय. तिथे आजच चर मारा.

आणि तुमचा चिरंजीव रविवारी मशीन फिरवत होता ना? पातं फार खाली बसवलंय त्याने. गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा कापायचा, त्याहून जास्त नाही. हजामत केल्यासारखं बोडकं केलं की तणाला रान मोकळं. शिवाय ओल्या गवतात मशीन घालायचीच नाही. पाती तुटत नाहीत, चिंध्या होतात. चाकांनी माती दबते ती वेगळीच.

मोबाइलवर बघून करतोय म्हणाला. अहो, तो व्हिडिओवाला विलायतेतला! तिकडचं गवत गारव्यात वाढतं आणि उन्हाळ्यात मान टाकतं. आपली हरळी बरोब्बर उलटी. उकाडा आणि पाऊस मिळाला की सुटते, पौषात जराशी थबकते. तिकडच्या पंचांगाने इथे खत घालून कसं चालेल? आपलं पंचांग भाताचं. वैशाखात चांगलं कुजलेलं शेणखत चाळून पसरायचं, पहिल्या पावसाने ते मुरतं. पावसाळाभर खत बंद. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून पाऊस परततो 8 ऑक्टोबरच्या सुमारास. तो गेला आणि ऊन तापलं, की हलकं खत आणि पुन्हा नळी. तीही सकाळी, संध्याकाळी नाही. रात्रभर ओलं राहिलं की परत बुरशीला आवतण. रोज नुसतं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर मुरेल असं द्यायचं. वरवर शिंपडलं की मुळंही वरवरच राहतात, आणि एप्रिलात दोन दिवस पाणी आलं नाही की संपलं.

लग्नाच्या लॉन्सवाल्यांना विचारा. माझा भाचा आहे माळी, कल्याण-भिवंडी रस्त्याला. म्हणतो, मामी, मे महिन्यापर्यंत गवताचे हाल कुत्रा खात नाही. मांडवाचे खांब, खुर्च्यांचे पाय, वर आइस्क्रीमचं वितळलेलं पाणी! पण आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त बंद. मग तो काटेरी पावड्याने जमिनीला भोकं पाडतो, वाळू चाळतो आणि सोडून देतो. तुळशीच्या लग्नापर्यंत कुणाचा पाय पडत नाही, गवत भरून येतं. मला तर वाटतं, मुहूर्त ठरवणाऱ्यांनी गवताचाही विचार केला असावा.

थांबा, थांबा, ते काय उपटताय? लव्हाळा आहे तो. गवत नव्हे. दांडा चिमटीत धरून फिरवा, तीन कडा लागतात की नाही बोटाला? असा ओढलात की वरचा शेंडा हातात येतो आणि गाठ राहते जमिनीत. मग एकाच्या जागी चार उगवतात. खुरपं घ्या, खोल घाला. हं, ही बघा काळी गाठ, आणि हिला धागा, धाग्याला पुढची गाठ. वास घ्या. ओळखीचा वाटतो ना? दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. आवणाच्या जागेवर पाला-शेण पसरून राब भाजायचे ना आमच्याकडे, त्यात बाकी तणाचं बी जळून जायचं. हा पठ्ठ्या खाली सुखरूप. बेणणीला बायकांच्या कमरा मोडायच्या त्या याच्यापायी. भादव्याच्या आत काढून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी लॉन त्याचंच.

माझं विचाराल तर विकतचं कार्पेट लावूच नका. बांधावरची हरळी आणून लावा. शेतकरी तिला शिव्या देतो, कारण ती मरत नाही. मग अंगणाला दुसरं काय हवं? 2005 च्या सव्वीस जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, उल्हास नदी फुगली आणि आमच्या परसात पाणी शिरलं. ओसरलं तेव्हा वीतभर गाळ. सासूबाईंचे गुलाब गेले, अबोली गेली. हरळी मात्र श्रावण सरायच्या आत गाळ फोडून वर आली.

तुमच्यात दुर्वांची जुडी लागते ना गणपतीला? मग कल्याणच्या बाजारात कशाला पैसे घालवता? तुमच्या कापलेल्या गवतात तीन पानांचा कोवळा तुरा मिळायचा नाही. माझ्या नळाशेजारचा कोपरा मी कापत नाही, तिथून न्या. बदल्यात मशीनचं कापलेलं गवत मला द्या, भेंडीच्या आळ्यात पसरते. पण पिशवीत कोंबून ठेवू नका हं, रात्रीत तापतं आणि असा वास मारतं की शेठ म्हणतील, आपलंच लॉन कुजलेलं बरं.