निवडणुका घेऊन सत्ता टिकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

निवडणुका बंद करून राज्य करणे हे नवशिक्या हुकूमशहाचे लक्षण होय. मुरलेली राजवट त्या वेळेवर आणि वाजतगाजत घेते, आणि अशा राजवटीला अभ्यासक ‘निवडणूकप्रधान हुकूमशाही’, म्हणजे मतदान होते पण सत्तांतर होत नाही अशी व्यवस्था, म्हणतात. या विद्येचे गुरुकुल मेक्सिकोत होते. तेथे १९२९ मध्ये स्थापन झालेला आणि १९४६ पासून पीआरआय (संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष) या नावाने वावरणारा पक्ष २००० पर्यंत अध्यक्षपदाची एकही निवडणूक हरला नाही.

प्रथम घरच्या इच्छुकांचा बंदोबस्त करावा, कारण राजवटीला विरोधकांपेक्षा नाराज स्वकीयांचे भय अधिक असते. मेक्सिकोत अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत मिळे, वारस तो स्वतः बोट दाखवून ठरवी, आणि आज ना उद्या ते बोट आपल्याकडे वळेल या आशेवर महत्त्वाकांक्षी मंत्री बंडाऐवजी रांगेत उभे राहत.

विजय गरजेपेक्षा मोठ्या फरकाने मिळवावा, म्हणजे फुटू पाहणाऱ्याला बाहेर भवितव्य नाही हे आकड्यांवरूनच उमगते. त्यासाठी टाकोसारखी घडी घातलेली मतपत्रिकांची चळत एकाच मतदाराने पेटीत सारावी, अथवा मतदानाआधीच भरलेल्या पेट्या केंद्रावर पाठवाव्यात. या पेट्यांना मेक्सिकोत ‘गर्भार’ म्हणत. (त्यापुढे आपल्याकडचे बोगस मतदान म्हणजे निव्वळ कुटिरोद्योग.) विरोधक मात्र जिवंत ठेवावा. १९७६ मध्ये पीआरआयचे अध्यक्षपदाचे उमेदवार लोपेझ पोर्तियो यांच्यासमोर मतपत्रिकेवर दुसरा उमेदवारच उरला नाही. या यशाची इतकी अडचण झाली की पुढच्याच वर्षी कायदा बदलून कनिष्ठ सभागृहाच्या ४०० पैकी १०० जागा मतांच्या प्रमाणात, प्रामुख्याने लहान पक्षांसाठी, काढून ठेवाव्या लागल्या.

मोजणी परक्याच्या हाती कदापि देऊ नये. ६ जुलै १९८८ च्या रात्री अध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार कुआउतेमोक कार्देनास यांना अनुकूल आकडे येऊ लागले आणि निकालांची संगणक यंत्रणा ‘बसली’; गृहमंत्र्याच्याच अध्यक्षतेखालील आयोगाने यथावकाश पीआरआयचे उमेदवार सालिनास यांना निम्म्याहून किंचित अधिक मते दिली, आणि मतपत्रिका पुढे संसदेच्या संमतीने जाळण्यात आल्या. तथापि गेलेली पत सावरण्यासाठी राजवटीने सुधारणांचे पथ्य धरले आणि १९९६ मध्ये निवडणूक यंत्रणा सरकारच्या हातून पुरती सुटली. ही चूक इच्छुकांनी विशेष लक्षात ठेवावी: १९९७ मध्ये पक्षाने कनिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले, आणि २ जुलै २००० रोजी विरोधी उमेदवार विसेंते फॉक्स जिंकले तेव्हा मावळते अध्यक्ष झेदियो यांनी त्याच रात्री दूरचित्रवाणीवर येऊन पराभव मान्य केला.