दहा दिवसांचा मिशनरी

दहा दिवसांचा मिशनरी जून-जुलैमध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर मोठ्या संख्येने आढळतो. शाळा-कॉलेजांना सुट्टी लागली की चर्चच्या युवक मंडळातून त्याची उत्पत्ती होते. तो एकटा कधीच दिसत नाही. पंधरा-वीसांचा घोळका असतो आणि सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट असतात. टी-शर्टवर पुढे देशाचे नाव आणि साल, मागे बायबलमधले एक वचन. रंग सहसा भडक नारिंगी किंवा पोपटी, म्हणजे माणसाने आपण होऊन कधी विकत घेतला नसता असा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात अशा छोट्या मोहिमांवर दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकन परदेशी जात होते. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिक ही त्यांची आवडती क्षेत्रे. गरिबी पुरेशी आणि विमानप्रवास आटोपशीर, असा दुहेरी योग तिथे जुळून येतो.

जुन्या मिशनऱ्याशी याचे नाते नावापुरतेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले ते १६१९ मध्ये तिथेच वारले. मधल्या काळात मराठी शिकून त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि परत गेलेच नाहीत; जाता जाता मराठीचे व्याकरण आणि कोशही छापून गेले. अमेरिकेच्या गॉर्डन हॉल यांना फेब्रुवारी १८१२ मध्ये निघून मुंबई गाठायला वर्ष लागले, आणि तेरा वर्षांनी नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने त्यांचा अंत झाला. दहा दिवसांचा मिशनरी सकाळी निघून संध्याकाळी मुक्कामी असतो. त्याच्या भाषाज्ञानात तीन शब्द येतात: ‘ओला’ म्हणजे नमस्कार, ‘ग्रासियास’ म्हणजे आभार आणि ‘बान्यो’ म्हणजे संडास. पहिले दोन तो विमानातच पाठ करतो. तिसरा तिसऱ्या दिवशी, बिनचूक उच्चारासह, आपोआप येतो.

मोहिमेचा आरंभ पत्राने होतो. हे पत्र आत्या, मावशी, वडिलांचे सहकारी, जुने शिक्षक आणि घरचा दाताचा डॉक्टर यांना जाते. देवाने आपल्याला होंडुरासला बोलावले आहे, तरी प्रार्थनेने किंवा पैशाने साथ द्यावी, असा त्यात मजकूर असतो. आत्याला यातला ‘किंवा’ शोभेपुरता आहे हे कळते. ती चेक पाठवते. उरलेली तूट चर्चच्या आवारात लोकांच्या मोटारी धुऊन आणि रविवारी पॅनकेकचा नाश्ता विकून भरून काढतात. त्याला देवाने डिसेंबरात, शाळा चालू असताना, कधीच बोलावलेले नसते.

सामानाची यादी चर्चकडून मिळते, पण बॅग आई भरते. हात निर्जंतुक करण्याचे द्रावण, डासांचे मलम, जुलाबाच्या गोळ्या, शेंगदाण्याच्या लोण्याच्या दोन बरण्या आणि कोरडा खाऊ इतका, की वाळवंटात वाट चुकली तरी निभावे. उरलेल्या जागेत कपडे. दुसऱ्या बॅगेत तिथल्या मुलांसाठी फुगे, खडू, मोज्यांच्या, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या आणि रंगीत मणी असतात. हे मणी म्हणजे अख्खे धर्मशास्त्र. लंडनचे प्रवचनकार स्पर्जन यांनी १८६६ मध्ये काळे, तांबडे आणि पांढरे अशा तीनच पानांच्या निःशब्द पुस्तकावर प्रवचन दिले होते: काळे म्हणजे पाप, तांबडे म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पांढरे म्हणजे धुतलेले अंतःकरण. पुढे त्यात सोनेरी आणि हिरवा या रंगांची भर पडली आणि पुस्तकाची मनगटी झाली. भाषा न येणाऱ्या प्रचारकासाठी याहून सोयीचे साधन नाही. होंडुरासमधल्या एखाद्या मुलीच्या हातात अशा चार मनगट्या असतात आणि पाचवीसाठी तीच रांगेत सर्वांत पुढे उभी असते. रंगांचा अर्थ तिला शिकवणाऱ्यापेक्षा चांगला येतो, पण ती मध्ये बोलत नाही.

सकाळी गिटारवर भजन, मग बांधकाम. ज्याने घरी कधी खिळा ठोकलेला नाही अशा मुलाच्या हाती इथे थापी दिली जाते. सिमेंट हाताने कालवायचे, कारण यंत्राने लवकर होते आणि मग सतरा जणांना दिवसभर काय द्यायचे हा प्रश्न उभा राहतो. गावचा गवंडी सावलीत उभा राहून पाहतो. दर अर्ध्या तासाने तो पुढे होतो, एक वीट काढून सरळ बसवतो आणि हसून अंगठा वर करतो. मिशनरीही अंगठा वर करतो. उरलेली भिंत गवंडी पाहुणे जेवायला गेल्यावर सरळ करतो.

रंगकाम त्या मानाने निर्धोक, म्हणून सर्वांत लोकप्रिय. मेक्सिकोतल्या एका चर्चला एकाच उन्हाळ्यात सहा तुकड्यांनी सहा वेळा रंग दिल्याची हकीकत अमेरिकन वर्तमानपत्रात छापून आली होती. मिच चक्रीवादळानंतर (१९९८) होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा अभ्यास कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने केला. विमानभाड्यासकट अमेरिकन तुकडीने बांधलेले घर सुमारे ३०,००० डॉलरला पडले. तेच घर स्थानिक संस्था २,००० डॉलरमध्ये बांधत होत्या. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोत अशाच सेवाभावी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की डोंगर बघायला या, शिकायला या, पण मदतीला येऊ नका. विद्यार्थ्यांनी ऐकून घेतले. येणे थांबले नाही.

मराठी वाचकाने इथे फार मोठ्याने हसू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात ज्याने दत्तक गावात शोषखड्डा खणला आहे, त्याला तो खड्डा गावाच्या किती कामी आला हे मनातून माहीत असते. शेकोटीभोवतीची गाणी मात्र त्याला आयुष्यभर आठवतात.

या मोहिमेत खरे कष्ट पडतात ते यजमान पाद्र्याला. प्रत्येक तुकडीसाठी एक बिनरंगाची भिंत राखून ठेवणे हे त्याचे उन्हाळ्यातले मुख्य काम. पाहुण्यांना काम कमी पडले तर ते हिरमुसतात, जास्त पडले तर आजारी पडतात. दोन्ही गोष्टी पुढच्या वर्षीच्या देणगीला बाधक. चर्चचे पत्रे, शाळेची बाके आणि एका विधवेचे औषध या देणगीवर चालते, हे त्याने वहीत लिहून ठेवलेले असते. त्याची बायको पहाटे चारला उठून वीस जणांसाठी राजमा उकळते आणि टॉर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, थापते. वर्षातून दोनदा कापली जाते ती कोंबडी पाहुण्यांसाठी कापली जाते. एखादी मुलगी आपण फक्त शाकाहार घेतो असे सांगते, तेव्हा पाद्रीण तिच्याकडे खऱ्या करुणेने पाहते आणि तिच्या ताटात अंडे वाढते.

शेवटच्या दिवशी बाजारहाट असते. मुली केसांच्या बारीक वेण्या घालून घेतात, मुले झोळणे विकत घेतात. रात्री मेणबत्तीभोवती बसून प्रत्येकाने अनुभव सांगायचा असतो. पहिला बोलतो, दुसरी रडते, मग सगळेच रडतात. ‘इतके गरीब, तरी इतके आनंदी’ हे वाक्य या बैठकीत निदान चार वेळा उच्चारले जाते. ‘आम्ही द्यायला आलो आणि घेऊनच चाललो’ हे वाक्य दोन वेळा, आणि हे दुसरे हिशेबालाही धरून असते.

परतल्यावर रविवारच्या उपासनेत चित्रे दाखवली जातात. त्यात भिंत एकदा येते, कडेवर मूल घेतलेला मिशनरी अकरा वेळा. आत्या समाधानाने पाहते. वेण्या आठवड्यात सुटतात, मनगटीचा दोरा सप्टेंबरात तुटतो. टी-शर्ट बहुतेकांनी निघताना तिकडेच वाटून टाकलेले असतात, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये नवी तुकडी बसमधून उतरते तेव्हा गवंडी, त्याचे दोन मदतनीस आणि पाद्र्याचा मेहुणा भडक नारिंगी रंगात, छातीवर स्वतःच्याच देशाचे नाव मिरवत, तिच्या स्वागताला उभे असतात.