करंट नाही

कोल्हापुरात रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पिकअप डिझेलच्या असतात. आमची पेट्रोलची आहे. जीपच्या वंशातली, पुढे दोन माणसांची केबिन, मागे लोखंडी हौदा, आणि बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसेल इतकी मोकळी जागा. तिच्या वयाच्या कितीतरी भावंडांची पेट्रोल इंजिनं लोकांनी केव्हाच उतरवली आणि डिझेलची बसवून घेतली. थोरल्या काकांनाही पुष्कळांनी तसं सुचवलं. काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "माणूस म्हातारा झाला म्हणून त्याचं काळीज बदलतो का आपण?" हल्ली बदलतात, पण हे काकांना सांगणार कोण?

या हट्टापायी आमच्या गाडीला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि आत आलेलं इंधन आपोआप पेटतं. तिथे प्लग नाही, कॉइल नाही, पॉइंट नाहीत. पेट्रोलच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला मात्र मिनिटाला दोन हजार फेरे घ्यायचे तर तेवढ्यात चार हजार ठिणग्या हव्यात, आणि प्रत्येक ठरल्या क्षणी. बॅटरी देते बारा व्होल्ट. प्लगच्या टोकांमधली फट ओलांडायला लागतात हजारो. ही तफावत कॉइल भरून काढते. तिच्या जाड तारेच्या वेढ्यांतून करंट सोडायचा आणि एकदम तोडायचा. तो तुटला रे तुटला की शेजारच्या बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत प्रचंड दाब उसळतो. फॅरडेने 1831 मध्ये हे तत्त्व दाखवलं, आणि अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास त्यावरून बॅटरी-कॉइलची व्यवस्था कॅडिलॅक गाड्यांसाठी बसवून दिली. करंट तोडायचं काम डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांचं. मसुरीएवढे दोन धातूचे तुकडे. त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट पडली की ठिणगी, नाही पडली की गल्ली गोळा.

गल्ली गोळा झाली ती पुतणीच्या लग्नानंतर. भाड्याची भांडी घरपोच आणून द्यायची जबाबदारी दुकानदाराची आणि परत करायची आमची, असा करार होता. पिकअप पावसाळाभर पत्र्याखाली उभीच होती. काकांनी हौद्यात पातेली, झारे, कढया रचल्या, चावी फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला. इंजिन मात्र ढिम्म.

गाडी बंद पडली की समाज चालू होतो. पहिले आले बापू. बापूंनी उभा जन्म बस चालवली आहे आणि ती डिझेलची होती ही गोष्ट त्यांच्या मते गौण आहे. "पेट्रोलमध्ये कचरा आलाय," असं म्हणून त्यांनी पाइप सोडवला, तोंडाने ओढला आणि पेट्रोल उत्तम येत असल्याचं पुढचा तासभर थुंकून सिद्ध केलं. मग त्यांनी चारही प्लग काढले. ते काकूंच्या गॅसवर भाजून झाले. फोडणीला पेट्रोलचा वास लागला म्हणून काकूंनी सगळ्यांनाच फैलावर घेतलं. समोरचा एक मुलगा उत्साहाने स्कॅनर घेऊन आला आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून तो जोडायची जागा शोधू लागला. त्याला कुंभारमाशीचं घर सापडलं. या गाडीत विचारावं असं कोणी कॉम्प्युटरबिम्प्युटर नाही, हे ऐकून त्याला तिची खरोखरच दया आली.

धक्काही मारून झाला. धक्क्यागणिक हौद्यातली पातेली अशी वाजायची की वरच्या आळीतली बायकामाणसं नवरदेव बघायला खिडकीत येत.

तेवढ्यात अण्णा आले. अण्णा वीजखात्यातून निवृत्त झालेले. "अकरा हजार व्होल्ट या हातांनी हाताळलेत," हे वाक्य ते घरातला बल्ब बदलतानाही म्हणतात. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आत पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "पॉइंट." पॉइंट सोडवून त्यांनी पॉलिश पेपरवर घासले, फुंकर मारली, पुन्हा बसवले. हे चाललं असताना कोणी बोलायचं नाही, असा दंडक होता. मग चावी फिरवली. सेल्फ फिरला, पातेली हलली, बाकी काही नाही. अण्णांनी लगेच निदान बदललं. "कॉइल गेली. नवी आणा." बापू म्हणाले कंडेन्सर. स्कॅनरवाला म्हणाला, गाडी विका.

शेवटी काकांनी उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्या भागात अजून अशी माणसं आहेत की ज्यांना इंजिनाचा भाग मिळत नसेल तर लेथवर करून देता येतो. मिस्त्री आले, बॉनेटला हातही न लावता विचारते झाले, "कुणी कुणी हात लावलाय हिला?" सगळी गल्ली एक पाऊल मागे सरकली.

त्यांच्या पिशवीत दोन पाने, एक पक्कड आणि इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. त्यांनी कॉइलची मधली जाड वायर टोपीतून उपसली, पकडीत धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. "म्हंजे प्लग, त्येंच्या वायरी, रोटर, टोपी, ह्येंचा काय बी गुन्हा न्हाई. त्येंच्यापातुर करंट पोचलाच न्हाई." भाजलेल्या प्लगांकडे कोणी पाहिलं नाही.

मग लॅम्पची एक वायर बॉडीला आणि दुसरी कॉइलच्या चावीकडच्या टोकाला. बल्ब लागला. म्हणजे बॅटरी ठीक, स्विच ठीक. नंतर तीच वायर डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला. अंधार. सेल्फ मारला तरी अंधार. पॉइंट उघडझाप करत असते तर बल्बानेही केली असती. "बघा, कॉइल गेली," अण्णा पुटपुटले. मिस्त्रींनी काही न बोलता कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरची वायर सोडवली. बल्ब झकास पेटला. कॉइल जिवंत होती. करंट तिच्यातून येत होता आणि पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये कुठेतरी कायमचा जमिनीत मुरत होता. तोडायला काही उरतच नव्हतं, मग ठिणगी कुठली पडणार?

वायर पुन्हा जोडून टोपी उघडली. कंडेन्सर बाजूला केला तरी बल्ब अंधारात. बापूंचा पक्ष पडला. लग्नपत्रिकेचा एक कपटा दोन पॉइंटांच्या मध्ये सरकवला तरी अंधार, म्हणजे पॉइंट चिकटलेले नाहीत. राहता राहिला तो छोटा खांब, ज्यावर पॉइंटची स्प्रिंग आणि वायर बसते. तिथे लोखंडाला स्पर्श होऊ नये म्हणून फायबरचा एक वॉशर असतो. तो स्प्रिंगच्या खाली बसायचा, तो वर बसला होता.

"पॉइंट कुणी सोडीवलं हुतं?"

अण्णांना एकाएकी घरचं दूध उतू जात असल्याचं आठवलं.

मिस्त्रींनी वॉशर जागेवर घातला, फीलर गेजने फट पाहिली, टोपी दाबली. सेल्फच्या दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं आणि हौद्यातल्या सगळ्या पातेल्यांनी एका सुरात ठेका धरला. न्याय म्हणून सांगायला हवं, मिस्त्री जाताना म्हणाले, "पॉइंटावर पावसाचा गंज चढला आसनार. घासल्यात मातर झ्याक." म्हणजे मूळ दोष अण्णांनी खरोखर काढला होता, फक्त त्याच्या जागी स्वतःचा बसवला होता. अण्णा हल्ली या हकिकतीचा पहिला अर्धाच सांगतात, आणि तो शब्दन् शब्द खरा आहे.

भांडीवाल्याने एका दिवसाचं जादा भाडं लावलं ते लावलंच.

तुमच्याकडे अशी जुनी पेट्रोल गाडी असेल तर बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन हात वायर डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा. प्लगांना हात लावण्याआधी कॉइलची मधली वायर तपासा. अर्ध्या गाडीवरचा संशय तिथेच मिटतो. आणि बॉनेट उघडण्याआधी अंगणाच्या फाटकाला आतून कडी घाला.